विटेवरचं कपाट

आमच्या शहापूरच्या घरात माजघराला लागून एक अंधारी खोली होती. तिथं एक कपाट पंचेचाळीस वर्षं विटेवर उभं होतं. तीन कोपऱ्यांना तीन लाकडी पाय आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याखाली भाजकी वीट. आज्जी आल्यागेल्याला सांगायची, "विठोबा दोन पायांनी विटेवर उभा आहे, आमचा एकाच पायानं." मला त्या विटेकडे बघवायचं नाही. चौथा पाय कुठं गेला हे घरात फक्त मला आणि माझ्या धाकट्या भावाला माहीत होतं.

शहापूर म्हणजे बेळगावातलं. गावाच्या दुसऱ्या अंगाला कॅम्प. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढं तिथं त्यांची मोठी छावणी वसली. १९४७ साली साहेब लोक निघाले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतल्या सामानाचे लिलाव झाले. आजोबा कॅम्पात सामान पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे कारकून होते. त्यांनी पस्तीस रुपयांना हे कपाट घेतलं आणि बैलगाडीतून घरी आणलं. तेव्हापासून ते 'साहेबाचं कपाट'. कपाट म्हणत असलो तरी त्याला दारं नाहीत. वर दोन छोटे खण, खाली तीन लांब खण, रुंदी सव्वातीन फूट. अस्सल सागवान. प्रत्येक कोपऱ्याला पितळेची पट्टी ठोकलेली, आणि खणांच्या कड्या लाकडात कोरून अशा बसवलेल्या की हात फिरवला तर कुठंच काही अडकत नाही. दिवाळीआधी चिंच लावून ते पितळ घासायचं काम माझ्याकडे असायचं.

१९७४ साली काकाचं लग्न ठरलं आणि घराला सफेदी करायला काढली. कपाट रिकामं करून पाठीवर आडवं टाकलं होतं. चारही पाय भिंतीकडे तोंड करून हवेत. मी नऊ वर्षांची, भाऊ सात. त्यानं उगीच एका पायाला हात घातला आणि पाय फिरला. आणखी फिरवला, तर गरगर फिरत हातात आला. वरच्या अंगाला इंचभर जाडीचा दांडा, त्याला लाकडातच पाडलेले आटे. दांडा खाली केला तर हुबेहूब भोवरा! बाकीचे तीन जाम बसले होते, हा एकच निघाला.

आठ दिवस आम्ही त्याला दोरी गुंडाळून परसात फिरवायचा प्रयत्न केला. जड होता, दोन गिरक्या घेऊन कोलमडायचा. सफेदी संपली, कपाट उभं करायची वेळ आली, तेव्हा घाबरून आम्ही तो परसातल्या जळणाच्या ढिगात खुपसून ठेवला. लग्नाची गडबड ओसरली की गुपचूप आणून लावू, असं ठरलं होतं. मधे होळी आली. होळीला गल्लीतली मुलं घराघरांतून लाकडं पळवतात. त्या वर्षी आमचा अख्खा ढीग गेला. रात्री सगळे बोंब मारत होते आणि आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून गप्प उभे. आजोबांनी दुसऱ्या दिवशी कपाटाखाली वीट सारली. त्यांनी विचारलं होतं, मी नाही म्हटलं होतं. ते वारले तेव्हाही मी सांगितलेलं नव्हतं.

तो पाय काय होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. एका लिलावाच्या छापील यादीत आमच्या कपाटाचा सख्खा भाऊ दिसला. असल्या सामानाला इंग्रजीत 'कॅम्पेन फर्निचर' म्हणतात, म्हणजे मोहिमेवरचं सामान. लष्करी अधिकारी तळ हलवायचा तेव्हा त्याचा पलंग, टेबल, खुर्ची, कपाट, सगळं मोडून बांधलं जायचं. हे खणांचं कपाट मुळात दोन भागांत असतं, एकावर एक ठेवलेलं. दोन्ही भागांना बाजूंनी कड्या. पाय फिरवून काढायचे, खणात टाकायचे, आणि दोन भाग जनावराच्या पाठीवर दोन बाजूंना लादायचे. कोपऱ्यांचं पितळ शोभेचं नव्हतं. उतरवताना आपटून लाकूड फुटू नये म्हणून होतं. कड्या आत बुडवलेल्या, कारण बाहेर आलेली कडी दोरात अडकते आणि तुटते. लंडन-डब्लिनचे कारखाने असं सामान बनवायचे. मुंबईत १८९१ साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा निघाल्यावर साहेबाला दारातच ते मिळू लागलं. आणि हिंदुस्थानातले सुतार त्यांचं बघून सागात, शिसवीत तेच घडवत होते. आमचं कपाट त्यातलंच असावं, कारण खणांचे तळसुद्धा सागाचे आहेत.

यादी वाचून मी त्याच सुट्टीत बेळगावला गेले आणि कपाटाच्या मधल्या फटीत पातळ पट्टी घालून बघितली. आरपार गेली. साठ वर्षं आम्ही ज्याला एक समजत होतो ते दोन होते. आणि ज्या पायाला आम्ही भोवरा समजलो, तो निघण्यासाठीच केलेला होता. आम्ही तो मोडला नव्हता. हरवला मात्र होता.

तेव्हापासून मला खाली बघायची सवय लागली. कुठल्याही जुन्या घरात, संग्रहालयात, चोरबाजारात गेले की आधी पाय बघते. माणूस वरचं कोरीवकाम बघतो, आरसा बघतो, पॉलिश बघतो. पण सुताराला सगळ्यात कठीण निर्णय पायाशी घ्यावा लागतो: एवढं वजन जमिनीला टेकवायचं कसं, आणि ते टेकलंय हे दाखवायचं कसं. प्राचीन इजिप्तच्या कारागिरांनी खुर्च्या-पलंगांना बैलाचे, नंतर सिंहाचे पाय दिले. त्यात पुढचे पाय पुढच्या पायांसारखे आणि मागचे मागच्यांसारखे. चारही एका दिशेनं चालत निघाल्यासारखे. आणि प्रत्येक पंजाखाली एक लहानसा गोल लाकडी ठोकळा, म्हणजे कोरलेला पंजा जमिनीला लागून झिजू नये. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातल्या सिंहासनालाही सिंहाचेच पाय आहेत. आपल्याकडे तर बाजेच्या पायाला 'खूर' असाच शब्द आहे. गाते, खूर, सुंभ. पायाला जनावराचं नाव द्यायला आपल्याला इजिप्तला जावं लागलं नाही.

मुंबईत मटन स्ट्रीटला एका दुकानात पहिल्यांदा गोळा धरलेला पंजा हाताळला. शिसवी खुर्ची होती, काळी कुळकुळीत. पाय वर गुडघ्यासारखा फुगीर, खाली घोट्याशी बारीक, आणि शेवटी नखं रोवून धरलेला गोळा. दुकानदार म्हणाला, "शेर का पंजा." मी बोटं मोजली. पुढं तीन, मागं एक. वाघ-सिंहाला असा पंजा नसतो. हा पक्ष्याचा, गरुडाचा. या आकाराचं मूळ चिनी ड्रॅगनच्या मोती धरलेल्या पंजात आहे असं मानतात. इंग्लंडात तो १७२०च्या आसपास फार लोकप्रिय झाला, तिथून अमेरिकेत गेला. अमेरिकेतली गंमत मला फार आवडते. न्यूपोर्टचे चांगले कारागीर नख आणि गोळा यांच्यामध्ये पोकळी कोरायचे, उजेड आरपार दिसायचा. बॉस्टनच्या पायाची बाजूची बोटं मागं कलंडलेली. फिलाडेल्फियाचा गोळा वरून दाबल्यासारखा चपटा. आपण 'ळ' ऐकून माणूस कुठल्या गावचा ते ओळखतो ना, तसं जाणकार नखावरून खुर्चीचं गाव सांगतात.

तो वाकडा पाय करायला किती लाकूड जातं हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. एका अखंड चौकोनी ठोकळ्यातून, शेजारच्या दोन बाजूंवर एकच आकार आखून, दोन्हीकडून कापत तो काढतात. निम्म्याहून जास्त लाकूड भुशात जातं. आणि घोट्याशी लाकडाचे रेषे तिरके तुटतात, म्हणून जुना वाकडा पाय मोडला तर बहुधा तिथंच. खुर्ची घेताना घोटा चाचपून बघावा. नवं सरस, नवं पॉलिश तिथं बोटाला कळतं.

गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात घडलेल्या कपाटांची गोष्ट तर वेगळीच. सतराव्या शतकात तिथं खणाखणांची मोठी कपाटं तयार होत. सागावर शिसवी-आबनुसाची आणि हस्तिदंताची जडणघडण, वर्तुळात वर्तुळं गुंतलेली. त्यातल्या काहींचे पाय म्हणजे कमरेवर बाई आणि खाली शेपटी. युरोपातून आलेल्या माणसाला ती समुद्रातली जलपरी दिसायची, आणि कोरणाऱ्या गोवेकराला नागीण. कपाट पाद्र्याच्या खोलीत जायचं, आणि त्याचा भार नागिणी पेलायच्या. आज ती लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. मला विचाराल तर जगातले सगळ्यात सुंदर पाय हेच.

असो. मी माझ्या पायाकडे येते.

२०१८ साली शहापूरचं घर पाडायचं ठरलं. कपाट माझ्या वाट्याला आलं, विटेसकट. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमधे वीट शोभेना म्हणून मी एका दुकानात चौकशी केली. जुन्या सामानाची दुरुस्ती करतो अशी मोठी पाटी होती. त्यानं मोबाइलवर फोटो बघितला आणि म्हणाला, "उरलेले तीन कापून टाकू, खाली चाकं लावून देतो. नाहीतर स्टीलचे पाय, मॉडर्न दिसेल." मी तिथून उठले. घरी येऊन किती तरी वेळ त्या तीन पायांवरून हात फिरवत बसले. ज्याला फिरवून काढता येतं त्याला करवत लावायची?

सावंतवाडी सुचली ती माझ्या वहिनीला. ती तिकडची. तिथल्या चितारआळीत लाकडी फळं आणि गंजिफा होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण लाकूड फिरवून पाट-चौरंगाचे, पाळण्याचे पाय काढणं हे त्या भागातलं जुनं कसब आहे. 'कातीव पाय' म्हणतात त्याला. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणानं लाख वितळते आणि रंग अंगभर चढतो. मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. मला रंग नको होता, हात हवा होता. तीन पायांपैकी एक, खूप प्रयत्नांनी, मेण आणि गरम फडकं लावून मी सैल केला आणि रुमालात गुंडाळून घेऊन गेले. सोबत पाडलेल्या घराच्या माजघराच्या तुळईचा फूटभर तुकडा.

मेस्त्री सत्तरीचे. पाय हातात घेऊन त्यांनी उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "ह्यो पाय नाय गो बाय, भवरो आसा." मला तिथंच रडू आलं. मग त्यांना होळीची सगळी गोष्ट सांगितली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी.

त्यांनी तुळईचा तुकडा ठोकून ऐकला, वास घेतला. "नव्या लाकडात आटे रवाचे नाय," म्हणाले, हे चालेल. नवं लाकूड वाळता वाळता आकसतं, गोल दांडा लंबगोल होतो, आटे धरत नाहीत. आमच्या तुळईचं आकसणं केव्हाच संपलेलं. पण जुना साग हत्यारांचा वैरी. सागात वाळूसारखा कण असतो, धार लगेच जाते. लेथवर अर्धा तास काम, की मेस्त्री उठून पटाशी निसण्यावर. पहिला थर निघाला तेव्हा त्या शेडमध्ये आमच्या माजघराचा वास पसरला. काळवंडलेल्या, धुरानं माखलेल्या तुळईच्या आत ताजं, तेलकट, सोनेरी लाकूड होतं.

आकार काढणं त्यांना दुपारभराचं काम. वर कडं, त्याखाली फुगवटा, मग आत गेलेला गळा, शेवटी बूड. आम्ही मुलं भोवरा म्हणायचो तोच फुगवटा; इंग्रजी पुस्तकांत याच्या आजोबाला 'बन फूट' म्हणतात, पावासारखा गोल पाय. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात खणांच्या कपाटांना असे गोल पाय असत. त्यांतले बहुतेक ओल्या जमिनीवर कुजून गेले आणि नंतरच्या लोकांनी त्या जागी चौकटीसारखे सपाट पाय ठोकले. जुन्या कपाटाच्या तळाला बुजवलेलं गोल भोक दिसलं, तर तिथं एकदा लाडूसारखा पाय होता असं समजायचं.

आमचेही कुजायला लागले होतेच. मेस्त्रींनी बूड दाखवलं: बोटभर उंचीपर्यंत लाकूड काळं आणि भुसभुशीत. मला कारण माहीत होतं. कपाटात आज्जी गूळ, शेंगदाणे, लाडवांचे डबे ठेवायची, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. विटेखालीसुद्धा एक परात. फिरवून केलेल्या पायात लाकडाचे रेषे उभे असतात. रेष्यांची तोंडं थेट पाण्यात. दिव्याची वात तेल ओढते तसं ते पाणी वर ओढतं. त्यात जमीन शेणानं सारवलेली. पुढचा पाय मागच्या दोघांहून दोन सूत झिजला होता, कारण पोतेरं पुढून फिरायचं.

इथं प्रश्न आला. नवा पाय मुळात जेवढा होता तेवढा करायचा, की झिजलेल्या जोडीदाराएवढा? मी मूळ उंचीच्या बाजूनं होते. मेस्त्री म्हणाले, तेवढा केला तर कपाट एका कोपऱ्यावर डोलेल. मग त्या तिघांखाली चकत्या घालत बसा. त्यांचं बरोबर होतं. नवा पाय जन्मतःच दोन सूत झिजलेला झाला.

आट्यांना दोन दिवस लागले. लाकडात आटे पाडायची हत्यारं मिळतात, पण आमच्या कपाटाचे आटे कुठल्याच मापाशी जुळेनात. मेस्त्रींनी जुन्या पायाच्या दांड्यावर पातळ कागद गुंडाळला, वरून पेन्सिल आडवी घासून आट्यांची रेघ उमटवून घेतली. तोच कागद नव्या दांड्यावर चिकटवला. त्या रेघेवरून बारीक करवतीनं खाच घेतली, आणि मग तिकोनी कानशीनं कडा उतरवत गेले. कानस फिरत नव्हती. डाव्या हातानं ते दांडाच कणाकणानं फिरवत होते. मधे कुणी बोललेलं त्यांना चालत नव्हतं. एका जागी आट्याची कड उडाली. त्यांनी तो टवका जमिनीवर शोधला, सरसानं चिकटवला, दोरा गुंडाळला आणि रात्रभर ठेवून दिला.

रंग जुना करून देऊ का, असं त्यांनी विचारलं. चहाचं पाणी, थोडी काजळी, चपडा, की कुणाला ओळखू येणार नाही. मी नको म्हटलं. बाकीच्या तिघांनी साहेबाचा तंबू बघितला असेल, बैलगाडी बघितली, आज्जीच्या वाट्यांतलं पाणी प्यायलं. याने दुसरंच बघितलं आहे. याने आमचं माजघर डोक्यावर धरलं होतं. फक्त चपड्याचा एक हात दिला आणि बुडाला मेण घासलं. बुडावर मेस्त्रींनी पटाशीच्या टोकानं २०१९ कोरलं.

पुण्याला आल्यावर मुलानं आणि त्याच्या मित्रानं कपाट आडवं केलं. मी खाली बसून पाय लावला. पहिला आटा अडखळला. थोडं मागं घेऊन पुन्हा फिरवला, तेव्हा धरला. साडेचार फेरे. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला लाकूड लाकडाला घासून बारीक आवाज करतं, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कपाट उभं केलं, वर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. पाणी चारही बाजूंना सारखं.

आमचा सगळ्यात खालचा खण नेहमी उचलून ओढावा लागायचा. ती त्याची खोड आहे असंच सगळे समजत होते. त्या दिवशी तो एका बोटानं बाहेर आला. वीट सूतभर उंच होती, एवढंच.

भावाला मेलबर्नला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन जमिनीवर टेकवून पाय दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, फिरतो का गं?"

"फिरतो."

"मग काढू नकोस."